अबू हलीफा ते खिरान, पेडलला अडकलेल्या पायांनी

"बसमध्ये जागा आहे की," ताई म्हणाली. "सायकलवरून कशाला जीव द्यायला निघालायस?"

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी इथल्या आपल्या मराठी मंडळींची सहल असते. यंदा खिरानला होती, म्हणजे कुवेतच्या पार दक्षिणेला, सौदीची हद्द जवळ येते तिथल्या समुद्रकाठी. भाड्याचं शॅले, म्हणजे सुट्टीसाठीचं समुद्रावरचं घर, बायकांचं हळदीकुंकू, पुरुषांचं क्रिकेट, दुपारी पुलाव. मी राहतो अबू हलीफात, ताई आणि दाजींच्या फ्लॅटमध्ये. तिथून खिरान साठेक किलोमीटर. सगळे बसने नाहीतर आपापल्या गाड्यांनी जाणार होते. मी सायकलने.

लोकांना सांगायचं कारण तयार होतं. नवीन क्लिपलेस पेडल घेतली होती आणि लांबचा रस्ता मारून बघायचा होता. खरं कारण होतं केतकी.

केतकी फहाहीलच्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन आहे. मूळची साताऱ्याची, इथे खैतानला भाऊ-वहिनीकडे राहते. भाऊ, मकरंददादा, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर. आणि मी? नाशिकला मेकॅनिकलचं तिसरं वर्ष अर्ध्यात सोडून आलेला, फहाहीलच्या स्पोर्ट्सच्या दुकानात सायकली विकणारा. आम्हा दोघांचं जमलंय हे मकरंददादाला कळलं तेव्हा त्याने मला त्याच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये बोलावून घेतलं आणि म्हणाला, "तुझं सगळंच अर्धवट दिसतंय." माझं डोकं सटकलं. मी असा ओरडलो की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. तिथेच ते बोलणं संपलं.

सहलीच्या दोन दिवस आधी केतकीचा फोन आला.

"दादा त्या पुण्याच्या मुलाला बोलावतोय सहलीला. पेट्रोकेमिकलवाला."

"कशाला?"

"तिळगूळ खायला! कशाला काय विचारतोस? मला बघायला."

मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "तू ये आणि दादाशी बोल. पण नीट बोल, सुजय. आवाज चढवलास ना, तर मी तिथून उठून जाईन आणि परत तुझ्यासाठी कुणाशी भांडणार नाही. दमलेय मी."

म्हणजे मकरंददादाशी आवाज न चढवता बोलायचं. ते जमलं तर केतकी, नाहीतर पुण्याचा पेट्रोकेमिकलवाला. बसमध्ये बसून तीच अंताक्षरी ऐकत तिथे पोचावं असं मला वाटेना. एक अख्खी गोष्ट पुरी करून त्या माणसासमोर उभं राहायचं होतं. खिरानपर्यंतची अख्खी वाट, स्वतःच्या पायांनी.

आता पेडलचं सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे लोक त्यासाठीच हे वाचत असणार.

क्लिपलेस पेडल म्हणजे ज्यात बुटाचा तळ पेडलमध्ये खटकन अडकून बसतो ती. बुटाखाली प्लॅस्टिकचा किंवा लोखंडाचा एक तुकडा स्क्रूने बसवलेला असतो, त्याला क्लीट म्हणतात. पाय पुढे सरकवून दाबला की अडकतो, टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटतो. फायदा असा की पाय वर येतानाही जोर लावता येतो आणि खडबडीत रस्त्यावर पाय घसरत नाही. त्यात दोन घराणी आहेत. एक दोन स्क्रूंचं, छोटं क्लीट, बुटाच्या तळात खोल बसवलेलं, ते घालून माणसासारखं चालता येतं. दुसरं तीन स्क्रूंचं, मोठं क्लीट, शर्यतीवाले वापरतात ते. ते घालून चाललात तर बदकासारखे दिसता. वाळूच्या देशात दोन स्क्रूंचं घ्यावं हे मी दुकानात गिऱ्हाइकांना रोज सांगतो. स्वतःसाठी तीन स्क्रूंचं घेतलं, कारण ते दिसतं झकास. दुकानातली सवलत धरूनही पेडल आणि बूट मिळून अर्धा पगार गेला.

सराव बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, भिंतीला हात लावून करायचा. अडकव, सोडव, अडकव, सोडव, अगदी कंटाळा येईपर्यंत. आणि थांबायच्या बऱ्याच आधी एक पाय सोडवून ठेवायचा. हे मला सिग्नलवर समजलं. लाल दिवा लागला, मी ब्रेक मारला, सायकल थांबली, आणि पाय खाली टेकवायचा असतो हे पेडलला मान्य नव्हतं. उभ्याउभ्या, अजिबात घाई न करता, मी डाव्या अंगावर आडवा झालो. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारपूस केली. पार्किंगमध्येही दोनदा तसाच पडलो. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, मिसरी म्हणजे इजिप्तचा, खुर्ची टाकून बघत बसायचा. "हिंदी मजनून," म्हणायचा, म्हणजे हा इंडियन वेडा आहे, आणि स्वतःच टाळी वाजवायचा.

पण आठवड्याभरात जमलं. राहिली फक्त एक कुरबुर: पाय फिरला की क्लीट कुईकुई करायचं. प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर घासतं, त्याने काही बिघडत नाही. पण हे दाजींच्या कानावर गेलं. दाजी रिफायनरीत पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळतात. आवाज करणारी वस्तू त्यांना आजारी माणसासारखी दिसते.

"मेव्हणे, हे कोरडं पडलंय," ते म्हणाले.

"दाजी, ते तसंच असतं."

"तसंच काही नसतं जगात. वंगण नाही म्हणून ओरडतंय. आण इकडे."

आणि गुरुवारी संध्याकाळी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून त्यांनी दोन्ही पेडल आणि दोन्ही क्लीट हिरवट, चिकट ग्रीसने अशी माखली की श्रीखंड लावलंय असं वाटावं. कुईकुई बंद झाली. दाजींच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मी ते पुसून काढलं नाही.

शुक्रवारी सूर्य उगवल्यावर निघालो. कुवेतमध्ये सायकलवर लांब जायचं तर हिवाळ्यातला शुक्रवार आणि सकाळची वेळ, दुसरा मुहूर्तच नाही. लोक झोपलेले असतात, रस्ते मोकळे, हवेत चक्क गारवा. विंडचीटर लागतं. बाटल्या दोन घ्या, मागे लाल दिवा लावा आणि हायवेच्या कडेच्या पट्ट्यातून हलू नका, कारण इथे सायकलवाला दिसला की लोक प्रेमाने हॉर्न मारतात आणि तेवढ्यासाठी जवळ येतात.

मंगफ, फहाहील झोपेत होतं. आमच्या दुकानाचं शटर खाली, केतकीच्या क्लिनिकचं पण. मी उगीच तिथून वळसा घालून गेलो. मग शुऐबाचे कारखाने लागले आणि तो वास, अंडं बिघडल्यासारखा. नाक दाबून पुढे गेलं की मीना अब्दुल्लानंतर वस्ती संपते आणि दोन्हीकडे सपाट वाळवंट. हिवाळ्यात तिथे कुवेती लोकांचे तंबू लागलेले असतात. पांढरे तंबू, जनरेटर, धूर, कुठे बांधलेल्या शेळ्या. वारा वायव्येचा, म्हणजे जाताना पाठीशी. अशा वाऱ्यात सायकल आपली आपणच जाते आणि आपण फार दणकट आहोत असा समज होतो. मी मनात मकरंददादाशी बोलायची तयारी करत होतो. "दादा, मला तुमच्याशी शांतपणे बोलायचंय." हे वाक्य मी वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघितलं. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तो मनातल्या मनात "अर्धवट" म्हणायचा आणि माझी सायकल जोरात पळायला लागायची.

अशाच एका वेळी मी रागाने उभा राहून पेडल मारायला गेलो आणि उजवा पाय सटकन पेडलमधून निसटला. पडता पडता वाचलो. दाजींचं ग्रीस! कडेला थांबलो, किल्ली काढली आणि दोन्ही पेडलचा स्प्रिंगचा स्क्रू पिळला. तो स्क्रू पकड किती घट्ट ते ठरवतो, आणि तो थोडा थोडा फिरवायचा असतो. मी जाईल तेवढा फिरवला. निघून दाखव आता, असं पेडलला म्हणालोसुद्धा.

झोरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसायला लागली तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. रस्त्यापासून आत एक बकाला होता, म्हणजे किराणा-बिराणाचं छोटं दुकान. सायकल डांबराच्या कडेला ठेवली आणि वाळूतून बदकासारखा चालत गेलो. फलाफलचं सँडविच, लबान म्हणजे इथलं ताक, आणि कपभर गोड चहा, एवढं चिल्लरमध्ये भागतं. दुकानदार केरळचा होता. माझ्या बुटांकडे बघून त्याने हिंदीत विचारलं, "पाँव में कुछ हो गया है क्या?" परत वाळूतून चालत आलो, पाय पेडलवर ठेवले, दाबले. एरवी खटकन आवाज येतो. या वेळी खर्रर्र आला. मी म्हटलं, असेल.

इथे वाचकांनी थांबून बेरीज करावी. ग्रीस अधिक वाळू अधिक पिळलेला स्क्रू.

खिरानच्या फाट्यावर मोठं वर्तुळ आहे, राउंडअबाउट. तिथून डावीकडे शॅलेंचा रस्ता, दोनेक किलोमीटर. वर्तुळाच्या अलीकडे मी पाटी बघायला थांबणार होतो, म्हणून नेहमीप्रमाणे आधीच उजवी टाच बाहेर फिरवली. फिरेना. डावी फिरवली. तीही फिरेना. जोर लावला तर गुडघ्यात कळ आली आणि सायकल नागमोडी झाली. ब्रेक मारला तर आडवा होणार हे सिग्नलने शिकवलेलं होतंच. म्हणून मी थांबलोच नाही. वर्तुळात शिरलो आणि फिरत राहिलो.

आणि तिथे कडेला एक पांढरी जीप उभी होती. जीपला टेकून, हातात पाण्याची बाटली घेऊन, मकरंददादा.

"ए सुजय! इकडे! थांब!"

"थांबता येत नाही!" मी ओरडलो आणि पुढे गेलो.

पुढच्या फेरीला तो रस्त्यात चार पावलं आला होता. "काय म्हणालास?"

"पाय अडकलेत! निघत नाहीत!"

"म्हणजे?"

याचं उत्तर द्यायच्या आत मी परत लांब. तिसऱ्या फेरीला तो खो खो हसत होता. सहलीसाठी इस्त्रीची पँट घातलेला, एरवी ओठही न हलवणारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता. आणि हसत हसत म्हणाला, "च्यायला, चढणं शिकलास आणि उतरणं राहिलं! हेपण अर्धवटच!"

तोच शब्द. कानशिलं तापली. त्या क्षणी मला उडी मारून त्याच्या अंगावर जायचं होतं, पण उडी मारायला पाय लागतात आणि माझे पाय सायकलचे झाले होते. शिवी जिभेवर आली तोवर मी वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला पोचलो, आणि तिकडे वारा समोरून. इतका वेळ पाठीशी असलेला तो वारा छातीवर आला की कळतं. मान खाली घालून, दात आवळून ती अर्धी फेरी ओढली. परत त्याच्यासमोर आलो तेव्हा छातीत इतकाच श्वास उरला होता की त्यात एवढंच बसलं:

"दादा, मला बोलायचंय तुमच्याशी."

"मग बोल की! फिरत फिरत बोलणार?"

पुढच्या फेरीला विचारलं, "तो मुलगा आलाय?"

"नाही आला!"

हे दोन शब्द घेऊन मी अख्खी एक फेरी मारली. समोरचा वारा लागलाच नाही. परत आलो. "का नाही आला?"

"आधी थांब रे बाबा! त्या पाटीला धर, पाटीला!"

वर्तुळाच्या कडेला बाण काढलेली लोखंडी पाटी होती. पुढच्या फेरीत वेग कमी केला आणि तिच्या खांबाला मिठी मारली. सायकल डगमगली, पण उभी राहिली. मी खांबाला असा बिलगलो होतो की कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, निरोप चाललाय. मकरंददादा आला, खाली बसला आणि माझ्या बुटाचं बकल खटखटवायला लागला.

"असलं काय घालतोस रे पायात?"

"वरची कडी दाबून ओढा."

"केतकीने परवा रात्री माझ्यासमोर त्या मुलाला फोन केला," खाली बघतच तो म्हणाला. "सरळ सांगितलं, माझं ठरलंय, उगीच येऊ नका. मी इतका रागावलो. आणि आज सकाळी मलाच म्हणते, तो सायकलने येतोय, एकटा आहे, जा आणि बघून ये. पाणी घेऊन जा म्हणे."

उजवा पाय बुटातून सुटला होता.

"मी हो म्हटलेलं नाही अजून," तो म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी ओरडलास तसा तिच्यावर ओरडलास तर?"

हा प्रश्न मी वाटेवरच्या तयारीत कुठेच धरला नव्हता. जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. "ओरडलो तर ती निघून जाईल. तिने सांगितलंय मला तसं."

तो थोडा वेळ डाव्या बकलाशी झटत राहिला. मग म्हणाला, "जाईलच ती. ऐकणारी नाही आमची." आणि बकल निघालं. "कॉलेजचं काय करणार आहेस?"

"माहीत नाही अजून. दुकानात दुरुस्तीचं काम शिकतोय, ते आवडतंय. पुढचं खरंच माहीत नाही."

"बरं झालं. मागच्या वेळी तुला सगळंच माहीत होतं."

मी मोज्यांवर डांबरावर उभा होतो आणि माझे बूट पेडलवरच, जसे सायकलला फुटलेले. डांबर गार होतं. त्याने बाटली पुढे केली. मी निम्मं पाणी पिऊन टाकलं.

"टाक सायकल मागे," तो जीपकडे हात करून म्हणाला.

"दादा, दोनच किलोमीटर राहिलेत."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पेडलवरच्या रिकाम्या बुटांकडे. "बरं. जा. मी मागून येतो."

बकल न लावता, सैल बुटांत पाय घालून मी ते दोन किलोमीटर मारले. मागे मकरंददादाची जीप, चारही दिवे उघडझाप करत, एखाद्या मंत्र्याच्या मागे असावी तशी. शॅलेच्या गेटवर केतकी उभी होती, हळदीकुंकवाची साडी, वर स्वेटर. मी बुटांतून पाय काढून मोज्यांवर उतरलो.

"आवाज चढवलास?" तिने पहिलं तेच विचारलं.

"श्वासच नव्हता."

ती हसली नाही. तिने नुसता श्वास सोडला, खूप वेळ धरून ठेवलेला असतो तसा, आणि माझ्या मोज्यांकडे बघत म्हणाली, "जा, पाय धू आधी."

सहलीचं फार सांगत नाही. पुलाव उत्तम, क्रिकेटमध्ये चेंडू समुद्रात. तिळगुळाच्या वेळी मकरंददादा माझ्यापाशी आला. लोक जे म्हणतात ते तो म्हणाला नाही, एक वडी हातावर ठेवली आणि पुढे गेला. दाजींनी पेडलमध्ये अडकलेले बूट उलटसुलट बघितले, वाळूचा राप बोटावर घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "थोडं कमी पडलं ग्रीस." ताईने कपाळावर हात मारला.

परतीला वारा तोंडावर होता आणि कुणाला काही दाखवायचं उरलं नव्हतं. सायकल दाजींच्या गाडीत टाकली आणि मी मागच्या सीटवर जो झोपलो तो अबू हलीफा आल्यावर ताईने हलवलं तेव्हाच उठलो. इतका गाढ मी कुवेतला आल्यापासून झोपलो नव्हतो.

ज्यांना हीच वाट मारायची आहे त्यांच्यासाठी: जा, नक्की जा, पण येताना गाडीची सोय करा. पेडल दोन स्क्रूंचीच घ्या. स्क्रू सैलाकडे ठेवा. क्लीटला वंगण लावू नका, कुणी कितीही प्रेमाने लावायला आलं तरी. वाळूतून चाललात तर पेडलवर पाय ठेवण्याआधी तळ काटकीने खरवडून घ्या. माझी पेडल मी रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने साफ केली, दोन संध्याकाळी गेल्या. बूट सुटले तेव्हा मूठभर वाळू बाल्कनीत पडली. गुडघा अजून थोडा धरतो.

त्या वर्तुळात नक्की काय झालं यावर मी बराच विचार केला. मी काही शहाणा झालो वगैरे नाही. काल दुकानात एका गिऱ्हाइकावर चिडलोच. पण एका माणसाशी बोलता आलं, आणि तो ऐकून घेतो हे कळलं. इतके दिवस मला वाटत होतं की हे दार बंदच आहे आणि ते लाथ मारूनच उघडायचं. ते लोटलेलं होतं फक्त. या एका गोष्टीने छातीवरचा जो काही दगड होता तो उतरला, आणि तो किती जड होता हे उतरल्यावर कळतंय.

आज मकरंददादाचा फोन आला. केतकीचा नाही, त्याचा स्वतःचा. "संध्याकाळी घरी ये चहाला. केतकीच्या वहिनीला तुला बघायचंय. आणि हे बघ, बसने ये." बस म्हणाला म्हणून हसलो, तर तोही तिकडे हसला. काय विचारतील माहीत नाही, मी काय उत्तरं देणार तेही माहीत नाही. पण खैतानच्या त्या घरात आजवर मी पार्किंगच्या वर गेलो नव्हतो. आता ताई इस्त्री तापवून हाका मारतेय, निळा शर्ट की पांढरा, ते मला ठरवायचंय.